भांडुपच्या टेकडीवर आकडे सांगताना

मुंबईहून आले म्हटलं की आमच्या साताऱ्यात प्रश्न ठरलेले. राणीची बाग बघितली का? चौपाटीवर भेळ खाल्लीस का? म्हातारीच्या बुटात चढलीस की नाही? मी यातलं काहीच बघितलं नाही. मी बघितलं विलेपार्लं, अंधेरी, मुलुंड, भांडुप आणि गोवंडी. हे सांगितलं की समोरच्याचं तोंड उतरतं. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "मग गेलीस कशाला मेली एवढ्या लांब?" म्हटलं, आकडे सांगायला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "मटक्याचे?"

तसले नव्हेत हो. मी इथल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. माझी वसतिगृहातली मैत्रीण कुसुम लग्न होऊन मुलुंडला गेली आणि तिथं महिला मंडळात रमली. तिचं म्हणणं असं की पेपरात रोज आकडे येतात, डॉक्टर सांगतात, पुढारी सांगतात, जाहिरातवाले सांगतात, आणि आपल्या बायका एक तर सगळं खरं मानतात नाही तर सगळं खोटं. "वच्छे, तू ये आणि सांग ना त्यांना. तुझ्या त्या पुस्तकी भाषेत नको, आपल्या भाषेत." एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं, नाताळची सुट्टी होती, मी एकटा जीव. गेले.

परत आल्यावर बरेच दिवस यातलं काही लिहायला हात धजत नव्हता. आता लिहिते आहे ते एका बाईसाठी. तिचं नाव पुढं येईल.

विलेपार्ले

सुरुवात पार्ल्यापासून केली, कारण कुसुम म्हणाली तिथं सोपं जाईल, सगळे शिकलेले. स्टेशनात उतरलं की बिस्किटं भाजल्याचा गोड वास येतो आणि भूक नसताना भूक लागते. सभा एका बंगलीच्या ओसरीवर होती. समोर सतरंजीवर नऊवारीतल्या आजीबाई, पाचवारीतल्या शिक्षिका, मागं खुर्च्यांवर निवृत्त पुरुषमंडळी. खिचडी, काकडीची कोशिंबीर, चहा. साताऱ्यात पाहुण्याला आधी खायला घालतात आणि मग बोलू देतात. इथं उलटं. आधी बोला, मग खिचडी. माझं पोट भाषणभर कुरकुरत होतं.

मी गुंडाळी करून कागदी तक्ते नेले होते. कुसुमनं उत्साहानं भिंतीवर टांगले. एका तक्त्यावर रंगीत पट्ट्या, कुठल्या वर्षी किती मुली शाळेत गेल्या त्या. मी बोलत होते, लोक माना डोलवत होते, एक गृहस्थ तर "वा, वा, काय घसरगुंडी आहे!" म्हणाले. घसरगुंडी? मी मागं वळून बघते तो काय, तक्ता उलटा टांगलेला! मुली वाढत होत्या आणि माझ्या श्रोत्यांनी त्या खुशाल कमी होऊ दिल्या होत्या. कुसुमला हसू आवरेना. मला मात्र रडायची वेळ. मी म्हटलं, "अहो, आकडे उलटे दिसत होते, एकालाही मान वाकडी करावीशी वाटली नाही?" त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "आम्हाला वाटलं, ही नवी पद्धत असेल."

मग सरासरीवर आले. सरासरी आयुष्य म्हणजे काय ते सांगत होते, तेवढ्यात एक आजोबा काठी आपटून उठले. "बाई, पेपरात सरासरी दिली होती ती मी कधीच ओलांडली. म्हणजे मी आता उधारीवर जगतोय का?" सगळे हसले. मी म्हटलं, "नाही हो आजोबा. त्या सरासरीत पाळण्यातच गेलेली पोरंसुद्धा मोजलेली असतात. ती इतकी लवकर गेली म्हणून सगळ्यांचा आकडा खाली आलाय. जी वाचली ती पुष्कळ जगतात, तुमच्यासारखी."

हशा ओसरला. सतरंजीच्या कडेला एक बाई पदर तोंडाला लावून बसली होती. पन्नाशीची असेल, चांगली ठणठणीत, मघाशी तीच सगळ्यात मोठ्यानं हसत होती. खिचडी वाढताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माझा पहिला मुलगा बारशाच्या आधीच गेला. घरात आता त्याचा विषय कोणी काढत नाही. तो कुठंतरी मोजलेला आहे हे मला माहीत नव्हतं." तिनं माझ्या पानात कोशिंबीर वाढली आणि पुढं गेली.

अंधेरीचं गावठाण

अंधेरीला आम्ही एका गावठाणात गेलो. मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं, पिढ्यान् पिढ्या तिथलीच. कौलारू घरं, दारात क्रूस, क्रूसाला झेंडूची माळ. मेरीमावशी म्हणून एक थोराड बाई आमच्या यजमान. नाताळ तोंडावर आलेला, घरभर तळणीचा वास. तिनं ताटात गरम फुगे टाकले. मैद्याचे हे गोळे तळले की टम्म फुगतात. सोबत बाटलीत भरून ठेवलेल्या लाल मसाल्याचं मटण. मी माळकऱ्यांच्या घरातली, मटण काही खाल्लं नाही, पण फुगे मात्र लाज न बाळगता हाणले.

"शेत कुठं मावशी तुमचं?" मी विचारलं. तिनं झाऱ्यानंच दाखवलं. खिडकीबाहेर कारखान्याची लांबच लांब भिंत. "त्या भिंतीच्या पोटात हाय माझा भात," ती म्हणाली. "आमचं शेत ग्येलं, विहीर ग्येली. आता पोरगे भिंतीच्या आत कामाला जातान." आवाजात रडं नव्हतं. झारा मात्र बराच वेळ तसाच धरून उभी राहिली.

तिथल्या लोकांचा राग वेगळाच होता. कोणीसा माणूस भर दुपारी येऊन घरोघर विचारून गेला होता आणि पुढं म्हणे कुठंतरी छापून आलं की या गावात कामधंदा करणारी माणसं उरली नाहीत, नुसती म्हातारी उरलीत. मेरीमावशीचा पुतण्या तावातावानं म्हणाला, "यार, दुपारी बारा वाजता येऊन बघशील तर म्हातारीच भेटणार ना! आम्ही काय घरात झोपा काढतो?"

मी म्हटलं, हेच तर मला सांगायचंय. चुलीवर मटणाचं मोठं पातेलं होतं. मावशीला विचारलं, "मीठ बघायचं तर काय करता?" ती म्हणाली, "ढवळायचा आनि मंग चाखायचा." मी म्हटलं, "न ढवळता वरचा चमचा चाखला तर?" "तर गधडी म्हनतील मला." झालं माझं भाषण! त्या माणसानं न ढवळता वरचा चमचा चाखला. थोड्यांना विचारून सगळ्यांचं सांगता येतं, पण आधी ढवळावं लागतं. मला वर्गात हे समजवायला आठवडा लागतो. इथं फुगे संपायच्या आत झालं. त्या संध्याकाळी मी मोठ्या गुर्मीत मुलुंडला परतले. कुसुमला म्हटलं, "बघ, आकडे कळायला काही लागत नाही. नीट सांगितलं की झालं." कुसुम म्हणाली, "उद्या भांडुप आहे. तिथं बोल."

भांडुप

मुलुंडच्या अलीकडचंच स्टेशन. तिथून टेकडीकडं चालत निघालो. पायवाट चढणीची, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या आणि कुडाच्या खोल्या. इथं बहुतेक कोकणातली माणसं. पुरुष गिरणीत नाही तर खालच्या कारखान्यांत. आमच्याकडं उंबऱ्यापुढं सडा घालतात तसाच इथंही, पण पाणी खालून डोक्यावरून आणावं लागतं म्हणून सडा ओंजळभरच.

सभा जानकीकाकींच्या पडवीत. साठीच्या बाई, सुकून लाकूड झालेल्या, कपाळावर मोठं गोंदण. वस्तीतलं सगळ्यात मोठं अंगण त्यांचं, आणि शब्दही त्यांचाच मोठा. "ये गो बाय, बस. चढ लागलो ना?" असं म्हणून त्यांनी तांब्या हातात दिला. मुलगा वासू रंगाच्या कारखान्यात. सून शेवंती, विशीतली, नववा महिना लागलेला. ती भिंतीला टेकून बसली होती आणि मला बघून गोड हसली. "ताई, मला पण आकडे येतात. सातवी झालेय मी."

इथला प्रश्न कुसुमनं मला वाटेतच सांगून ठेवला होता. जवळच मोठं इस्पितळ. तिथं बाळंतपणाची सोय. पण टेकडीवरची एकही बाई तिथं जायला तयार नाही. का? तर तिकडं नेली की बाई जाते. हे त्यांच्या डोळ्यादेखत झालेलं. घरी सुइणीच्या हातून किती बाळंतपणं सुखरूप झाली आणि इस्पितळातून किती बायका परत आल्या नाहीत, हा त्यांचा हिशेब. आणि खोटा नव्हता हो! तिकडं खरंच जास्त गेल्या होत्या. जानकीकाकींची पोटची लेक इंदूसुद्धा तिथंच गेलेली.

मी तक्त्यांची गुंडाळी सोडलीच नाही. नुसतं विचारलं, "तुमच्या ओळखीच्या ज्या तिकडं गेल्या, त्यांना नेलं कधी?"

मग एकेक सुरू झालं. एकीची जाऊ, दोन दिवस कळा देऊनही सुटका होईना तेव्हा नेली. एकीची बहीण, ताप डोक्यात गेल्यावर. एकीची शेजारीण, सुइणीनं हात टेकल्यावर.

"म्हणजे ज्यांचं घरी भागलं त्या घरीच राहिल्या. ज्यांचं भागेना त्या तिकडं गेल्या," मी म्हटलं. "खाली नाक्यावर स्टोव्ह दुरुस्त करणारा बसतो ना? त्याच्याकडचे सगळे स्टोव्ह बिघडलेले. म्हणून काय तो स्टोव्ह बिघडवतो?"

बायका खुदखुदल्या. एकजण म्हणाली, "तसा बिघडवतो पण मेला!" मग मोठा हशा. मी तो ओसरू दिला आणि विचारलं, "इथं कोणी अशी आहे का, जी पहिल्यापासून तिकडं गेली? काही बिघडायच्या आत?"

मागून मंदा नावाची पोरगी, कडेवर मूल, पोटात दुसरं, हळूच म्हणाली, "मी. हा तिथंच झाला. माहेरी होते ना, तिथूनच गेले. काही त्रास झाला नाही."

सगळ्या वळून तिच्याकडं बघायला लागल्या. "अगो, कधी बोललीस नाय ती!"

"विचारलं कोणी?" मंदा म्हणाली. "नीट झालं, त्यात सांगायचं काय?"

यापेक्षा मोठा धडा माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. जी जाते तिची गोष्ट वस्तीभर होते. जी सुखरूप परत येते तिची गोष्ट होत नाही. मी हे बोलले, आणि खरं सांगते, मला वाटलं जिंकले मी. वासू दाराशी उभा होता. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. तो म्हणाला, "म्हणजे बाई, हिचं नाव तिकडंच घालायचं ना? सुईण म्हणत होती, पोर आडवं हाय."

"आडवं?" मी उठून उभीच राहिले. "अहो मग थांबलात कशाला? आजच घाला. कळा सुरू व्हायची वाट बघू नका."

सगळ्यांनी जानकीकाकींकडं बघितलं. त्या चुलीपाशी उठून गेल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कळा येवंदेत. मगे बघूया."

"काकी, कळा आल्यावर उशीर होतो. आत्ताच सगळ्यांनी सांगितलं ना?"

"आयकलंय मी." एवढंच. आणि मग पुन्हा यजमानीण होऊन, "जेवून जा गो. पिठी केलंय."

जेवायला बसलो. कुळथाची पिठी, उकडा भात, भाजलेला सुका बांगडा माझ्या ताटापासून लांब, आणि माझ्यासाठी मुद्दाम खोबऱ्याची चटणी. पिठी आमच्या हुलग्याच्या माडग्याची सख्खी बहीण, फक्त इकडं तिच्यात कोकम पडतं. शेवंती वाढत होती. मी म्हटलं, "बस गं, ओणवू नकोस." ती कानाशी येऊन म्हणाली, "ताई, मला जायचंय तिकडं. मंदा म्हणते, खाटेला स्वच्छ चादर असते आणि कोण वरडत नाय. तुम्ही आईंना परत सांगा ना."

मी परत सांगितलं. दोनदा सांगितलं. वासूनंही सांगितलं, "आई, उद्या माझी दिवसपाळी. परवा सुट्टी टाकतो आणि नेतो हिला." काकी भांडी आवरत राहिल्या. निघताना वासू नाक्यापर्यंत आला आणि म्हणाला, "काळजी करू नका बाई. परवा नक्की." टेकडी उतरताना मी कुसुमला म्हटलं, "या बाईला कसं कळत नाही गं? एवढं सोपं आहे." कुसुम म्हणाली, "तिची लेक गेलीय तिथं, वच्छे." मी म्हटलं, "म्हणून तर कळायला पाहिजे."

आज ते वाक्य आठवलं की जीव नकोसा होतो.

गोवंडी

दुसऱ्या दिवशी गोवंडी. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचा धूर वाऱ्याबरोबर येतो आणि साडीला, केसांना, भातालाही चिकटतो. तिथल्या बायका इतक्या दमलेल्या की सभेला आल्या आणि निम्म्या बसल्या जागी पेंगल्या. मी ओरडले नाही. एकीनं विचारलं, "बाई, आमच्या गल्लीतली पोरं सारखी खोकतात, हे पण कुठं मोजतात काय?" मी म्हटलं, मोजायला पाहिजे. ती म्हणाली, "मोजून धूर कमी होईल?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "आपोआप नाही होणार. पण मोजलं नाही तर धूर आहे हेसुद्धा कोणी कबूल करणार नाही." तिनं मान हलवली आणि मला कपबशीत चहा दिला, बशी स्वतःच्या पदरानं पुसून.

दिवसभर डोक्यात शेवंतीच होती. मुलुंडला पोचले तर कुसुम दारात उभी. चपला घातलेल्या, पण कुठं जात नव्हती. नुसती उभी.

"वच्छे, शेवंती गेली."

मी विचारलं, "कुठं गेली?" मला खरंच कळलं नाही.

झालं ते असं. सकाळी वासू कामावर गेल्यावर कळा सुरू झाल्या. काकींनी सुइणीला बोलावलं. सुईण दुपारपर्यंत झटली. पोर फिरेना. मंदा दोनदा येऊन म्हणाली, नेऊया. काकी म्हणाल्या, थांब जरा. शेवटी सुइणीनंच हात जोडले. मग कोणीतरी कारखान्याकडं पळालं, वासू आला, चौघांनी शेवंतीला खुर्चीत बसवून टेकडी उतरवली, नाक्यावर टेंपो थांबवला. इस्पितळात घेतलं तेव्हा ती शुद्धीवर होती. डॉक्टरांनी पोट उघडून मुलगी काढली. मुलगी जगली, तिला तिथंच काचेच्या पेटीत ठेवलं. शेवंतीचं रक्त थांबलं नाही.

मी साडी न बदलता पायरीवर बसले. रडू येईना. कुसुमनं पाणी दिलं ते तसंच हातात राहिलं.

पुन्हा भांडुप

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मी कुठल्या तोंडानं जाणार होते? पण न जाणं त्याहून वाईट.

क्रिया रात्रीच उरकली होती. पुरुष खाली झाडापाशी बसलेले, वासू त्यांच्यात. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं होतं चिडेल, दोन शब्द बोलेल. ते बरं झालं असतं. पडवीत बायका दाटीनं बसल्या होत्या. त्याच बायका, त्याच जागा. शेवंती टेकली होती त्या भिंतीला आता कोणी टेकलं नव्हतं. जानकीकाकी कोपऱ्यात, गुडघ्यांत डोकं घालून. कालपासून तोंडातून शब्द नाही, पाण्याचा घोट नाही, असं शेजारणीनं सांगितलं.

आणि बोलणं चालू होतं. मी आल्यावर जरा थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

"घरातनं गेली तेव्हा बोलत होती गो. माझा हात धरलान होता."

"दारात जिती होती. आत नेली आणि झाला."

"तिकडं नेली की परत येत नाय. इंदू गेली, आता ही."

"बाई सांगून गेल्या म्हणून नेली."

शेवटचं कोण बोललं ते मी बघितलं नाही. कानात नुसतं वाजत राहिलं. ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बायांनो, हीच ती चूक! परवा इथंच बसून हसलात ना तुम्ही? दिवसभर घरात झुंजली ते कोणीच धरत नाही, शेवटी तिकडं पोचली तेवढंच धरता! शेवंतीचं मरण पुन्हा त्याच दाराच्या नावावर चढवलं जात होतं आणि मी समोर बसून ऐकत होते. मी तोंड उघडलंसुद्धा. कुसुमनं माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली. "आज नाही," ती पुटपुटली. बरोबरच होतं तिचं. ज्या घरातली पोर काल गेली त्या घरात बसून कोण कोणाला शिकवणार? आणि खरं बोलायचं तर सासूचं नाव घ्यावं लागलं असतं. ते कोणत्या तोंडानं घ्यायचं?

मंदा उंबऱ्यापाशी बसली होती. एक हात पोटावर. तिच्याकडं बघून एक म्हातारी म्हणाली, "तू जाव नको हां गो आता. एकदा नशीब होता तुझा. परत परत नाय होणार." मंदानं माझ्याकडं बघितलं. मग जमिनीकडं बघून मान हलवली. जाणार नाही म्हणून.

तेवढ्यात जानकीकाकींनी डोकं वर केलं.

"थंय नेलंय म्हणान नाय गेली," त्या म्हणाल्या. आवाज फाटलेला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी उशिरा नेलंय म्हणान गेली."

एका बाईनं घाईनं म्हटलं, "काकी, असा बोलू नको, तुझो काय दोष? देवानं नेली."

"देवाक मधी घालू नको." काकींनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या बाईंचा माका सगळा समजला होता. परवाच समजला. मी अडाणी आसंय, येडी नाय. इंदूकसुद्धा मी दोन दिवस घरात ठेवलेलंय. सगळा माहीत होता. पण त्या दारातसून माझ्या चेडवाक, इंदूक, चादरीत गुंडाळून भायर काढला. परत त्या दारात सुनेक घेवन उभी ऱ्हवचा, ता माझ्यान झाला नाय. कळा इल्यो, सकाळची दुपार झाली, आणि मी म्हणत ऱ्हवलंय, थांब जरा, थांब जरा."

खालून वासू वर आला होता. दाराची चौकट धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. काकींनी त्याच्याकडं बघितलं आणि नजर वळवली नाही. त्यालाही सांगायचंच होतं त्यांना, असं मला वाटलं. त्यानं चौकट सोडली आणि भिंतीला लागून खाली बसला, लहान पोरासारखा ढसाढसा रडायला लागला. मग मीही रडले. कालपासून अडकलेलं सगळं बाहेर आलं.

एवढी वर्षं मी आकडे शिकवते आहे. चुकीचा आकडा दुरुस्त करायला खडू आणि फळा पुरतो, असंच मला वाटत आलं. त्या बाईनं आपल्या माथी दोन पोरी घेऊन तो दुरुस्त केला, सगळ्या वस्तीसमोर, पोटच्या मुलासमोर. आणि मी म्हणत होते, हिला कसं कळत नाही.

काकी भिंतीचा आधार घेऊन उठल्या. कोणी धरायला गेलं तर हात झटकला. कोनाड्यातलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि उंबऱ्यापाशी आल्या. सुतक आहे, आज कुठं बाहेर जातेस, असं दोघीतिघी म्हणाल्या. त्यांनी लक्ष दिलं नाही.

"माझी नात थंय जगलीहा," त्या म्हणाल्या. "ता कोण सांगणा नाय. मी सांगतलंय." मग मंदाला म्हणाल्या, "ऊठ गो. पोराक वासूकडे दी. माझ्यावांगडा चल. आजच नाव घालूया तुझा."

मंदा उठली. कडेवरचं पोर तिनं वासूच्या मांडीवर ठेवलं आणि त्यानं ते रडता रडताच छातीशी धरलं. दोघी पायवाटेनं उतरायला लागल्या, पुढं काकी आणि मागं मंदा. नाक्याच्या वळणाशी काकी थांबल्या. पुढचा रस्ता इस्पितळाकडं जातो. बराच वेळ थांबल्या. मग मंदानं त्यांचा दंड धरला आणि त्या चालू लागल्या.